ऐकू न येणाऱ्यांना फोन

फॉर्मबाईंचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि विचारायला कुणी जातही नाही. खांद्याला पिशवी, हातात पुठ्ठा, पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेले फॉर्म, अशा थाटात चोवीस वर्षं त्या लोकांची दारं वाजवत आल्या. तुमच्याकडे साबण कुठला येतो, डबा संपायच्या आत दुसरा आणता की संपल्यावर, जाहिरात पाहिलीत का, पाहिली असेल तर त्यातली बाई काय म्हणाली, असले प्रश्न विचारायचे आणि मिळेल ते उत्तर जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. बाजार-पाहणी म्हणतात त्याला. शेजारणी म्हणतात, रिकाम्या चौकशा.

पण त्या चौकशांनाही सोवळं असतं, आणि फॉर्मबाईंनी ते कधी मोडलं नाही. गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं, उजवा हात भिंतीकडे ठेवून चालू लागायचं आणि दर पाचवं घर गाठायचं. चौथ्या घरातली बाई ओळखीची असली, खिडकीतून हाका मारत असली तरी तिथे थांबायचं नाही. पाचव्या घरी कुत्रा असला तरी पाचवंच. बेल तीनदा वाजवायची, नाही उघडलं तर ‘घर बंद’ असं लिहून पुढे. दहावा प्रश्न होईपर्यंत कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, कारण पाणी दिलं की माणूस यजमान होतो, आणि यजमान झाला की गोड बोलायला लागतो. गोड बोलणं त्यांच्या फॉर्मात कामाचं नव्हतं.

गेली सहा वर्षं त्या पर्यवेक्षक होत्या. म्हणजे इतरांनी भरून आणलेल्या दर दहा फॉर्मांतला एक उचलायचा, त्या घरी पुन्हा जायचं, लिहिलंय ते खरं का ते बघायचं. गठ्ठ्याच्या शेवटी एक ओळ छापलेली असते : वरील माहिती खरी असल्याची खात्री केली आहे. तिच्याखाली त्यांची सही. सकाळी देवापुढे हात जोडल्याशिवाय उंबरठा न ओलांडणारी ही बाई. खोट्याखाली सही करायची म्हणजे त्याच हातांनी, असा तिचा साधा हिशेब. आजवर तशी वेळ आली नव्हती.

वेळ आणली साहेबांनी.

साहेब माणूस वाईट नाही. दोन खोल्यांची कचेरी, चार टेबलं, एक सतत कुरकुरणारा पंखा, एवढ्यावर त्यांनी इतकी वर्षं माणसं सांभाळली. पण एखाद्याला जशी सर्दी होते तशी त्यांना दर दोन वर्षांनी नवी पद्धत होते. एकदा त्यांनी चारशे फॉर्म टपालाने पाठवले, सोबत परतीचं पाकीट. अकरा परत आले. त्यातल्या एकात प्रश्नांची उत्तरं सोडून पोस्टमन वेळेवर येत नसल्याची तक्रार होती. मग मोबाइलवर लिंक पाठवायची टूम निघाली. लिंक भरेल त्याला बक्षीस. एकाच गृहस्थाने बायको, मेहुणे आणि मेहुण्यांची मुलं यांच्या नावाने चाळीस फॉर्म भरले, आणि गंमत म्हणजे चाळीसही जणांना एकच टूथपेस्ट आवडत होती. त्या वेळी फॉर्मबाईंनीच तो गठ्ठा पकडला होता. साहेब म्हणाले होते की नव्या पद्धतीला दात येताना थोडा त्रास व्हायचाच.

या खेपेला फोन. गिऱ्हाईक होतं कानाची मशीन बनवणारी एक कंपनी. मशीन विकलं की दर तीन महिन्यांनी कंपनीचा माणूस घरी जातो, कानात नीट बसवून देतो, आवाज कमी-जास्त करून देतो. हे घरी जाणं आता लागतं का, लोक मशीनवर खूश आहेत का, एवढं कंपनीला जाणून घ्यायचं होतं. खूश असतील तर माणूस पाठवणं बंद. साहेबांनी विकत घेणाऱ्यांची यादी मागवली, फोनवर बोलायला दोन मुली बसवल्या आणि पद्धत ठरली असं जाहीर केलं.

फॉर्मबाईंना आधी वाटलं आपलंच काहीतरी ऐकायचं चुकलं.

“साहेब, ऐकू न येणाऱ्यांना फोन?”

“मशीन लावल्यावर ऐकू येतं ना, बाई. त्याचसाठी तर घेतलंय.”

“आणि लावूनही ज्याला येत नाही तो?”

“तो आकड्यांत दिसेलच की.”

“कसा दिसेल? तो फोन उचलणारच नाही.”

साहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांना उत्तर सुचलं नाही की ते घड्याळ बघतात, हे कचेरीत सगळ्यांना पाठ होतं. मग घरोघरी जाण्यात किती दिवस जातात, माणसं कशी दमतात, जग कुठे चाललंय, यावर त्यांनी बरंच सांगितलं. फॉर्मबाई जगाबरोबर जायला तयार होत्या, फक्त कानाच्या मशीनच्या वाटेने नको, एवढंच त्यांचं म्हणणं. ते त्यांनी तीनदा सांगून पाहिलं. दगडावर पाणी ओतलं तर निदान दगड धुतला तरी जातो.

नऊ दिवसांत फोन संपले. तीनशे बारा घरांतून उत्तरं आली आणि शंभरात चौऱ्याण्णव लोक समाधानी निघाले. इतके समाधानी लोक फॉर्मबाईंनी आयुष्यात बघितले नव्हते. साहेबांनी आनंदाच्या भरात स्वतःचं टेबल आवरलं.

तपासणीसाठी त्यांनी नेहमीसारखे एकतीस फॉर्म उपसले. सातवा फॉर्म हातात आला आणि त्या वाचता वाचता थांबल्या. पत्ता त्यांच्या घराचा होता. नाव सासूबाईंचं. वय एकोणऐंशी. मशीन रोज किती तास वापरता : आठ ते दहा. शिट्टी वाजते का : नाही. एकूण कितपत समाधानी : अत्यंत.

सासूबाईंचं मशीन आठ महिने कपाटाच्या खणात, सुयांच्या डबीशेजारी पडून होतं.

हा फोन ज्या मुलीने केला ती त्यांच्यापासून तीन हातांवर बसायची. म्हणजे इथे त्या डोळ्यांवर चष्मा चढवून दुसऱ्यांचं खरं-खोटं बघत होत्या आणि पलीकडच्या टेबलावरून त्यांच्याच घरात फोन वाजत होता. पण खरा चटका बसला तो फॉर्मच्या पहिल्या प्रश्नाने. प्रत्येक पाहणीत तो असतोच : घरात कोणी बाजार-पाहणीच्या कामात आहे का? असेल तर तिथेच आभार मानून थांबायचं, कारण धंद्यातल्या माणसाच्या घरचं उत्तर चालत नाही. समोर उत्तर होतं : नाही.

संध्याकाळी घरी पोचल्या तेव्हा नवरा डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसला होता. घड्याळदुरुस्ती हा त्याचा धंदा आणि गप्प बसणं हा छंद. फॉर्मबाईंनी चपलाही काढल्या नाहीत. फोन आला होता का, असं विचारलं. आला होता. उत्तरं कुणी दिली? त्यानेच. आईंना का नाही दिला फोन? तर म्हणे, आईला फोनवर कुठे ऐकू येतं.

हे वाक्य बोलताना त्यात काही चुकतंय असं त्याला वाटलं नाही.

“आठ ते दहा तास कुठून आणलेत, अहो?”

“अगं, ती मुलगी आकडा मागत होती. मी काय मोजत बसतो का? माणूस दिवसाचा तेवढाच जागा असतो ना धड.”

“आणि घरात कुणी या कामात नाही?”

आता त्याने भिंग काढलं. “बाजार-पाहणी म्हणाली ती. मला वाटलं दुकानबिकान असेल. तू काय, तू फॉर्म भरतेस.”

चोवीस वर्षांत झिजलेल्या चपला एकावर एक रचल्या असत्या तर त्याच्या टेबलाच्या वर गेल्या असत्या. फॉर्मबाईंनी आता कुठे पायातल्या चपला काढल्या. तोंड उघडलं असतं तर शेजारच्या चार घरांत पाहणी झाली असती.

सासूबाई आतल्या दारात उभ्या राहून दोघांच्या ओठांकडे बघत होत्या. माझ्यावरून चाललंय का, असं त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं. फॉर्मबाईंनी खणातून मशीन आणून त्यांच्यापुढे धरलं आणि हाताने विचारलं, का नाही लावत? सासूबाईंनी मशीनकडे नावडत्या पाहुण्यासारखं बघितलं. म्हणाल्या, त्यात भांडी पडल्यासारखा आवाज येतो, शिट्टी वाजते, आणि कंपनीचा माणूस येतो तेव्हा मी झोपलेली असते, हा त्याला दारातूनच सगळं ठीक आहे म्हणून परत पाठवतो.

“मग सांगितलं का नाहीत?” फॉर्मबाई ओरडून म्हणाल्या.

“विचारलं कुणी?” सासूबाई म्हणाल्या. “तू गावभर विचारत फिरतेस. घरी येतेस तेव्हा दमलेली असतेस.”

नवऱ्याने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. फॉर्मबाई मात्र मशीन हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. म्हातारी लावायला विसरते, एवढं धरून त्यांनीही आठ महिने काढले होते.

नियम असा की तपासणीत एक फॉर्म खोटा निघाला तर उचललेल्या बाकीच्या सगळ्या घरी ज्याचं उत्तर त्यालाच भेटून सगळे प्रश्न पुन्हा विचारायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना तो नियम दाखवला. साहेबांनीच तो कधीकाळी टाइप करून भिंतीवर लावला होता. साहेब म्हणाले, बाई, तुमच्या घरचा एक काढून टाका, तीनशे अकरा लिहा, विषय संपला. फॉर्मबाई म्हणाल्या, माझं घर मला माहीत होतं म्हणून पकडलं, बाकीची कोण पकडणार? असं बराच वेळ चाललं. शेवटी साहेबांनी हात टेकले, पण टेकताना बोलायचं ते बोललेच. अहवाल शनिवारी जाणार. तोवर काय फिरायचं ते फिरा. शनिवारी सही हवी. सही जमणार नसेल तर पर्यवेक्षक म्हणून दुसरं कुणी बघावं लागेल.

फॉर्मबाईंनी पिशवी उचलली. तीस घरं, हातात चार दिवस.

पहिल्या दोन दिवसांत त्यांनी तीसही दारं वाजवली. अठरा उघडली. जवळजवळ प्रत्येक दारात सून नाहीतर मुलगा, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, त्यांना कशाला त्रास, मीच सांगते ना. फॉर्मबाई ऐकून घ्यायच्या आणि तरी आत जाऊन ज्याचा कान त्याच्यापुढेच बसायच्या. प्रश्न मोठ्याने वाचायच्या, नाही कळलं तर कागदावर लिहायच्या. एक मुलगा तर चिडला. म्हणाला, आमच्या घरात असं ओरडून कुणी बोलत नाही. त्यांना वाटलं, तेच तर कळतंय. अठरांपैकी तेरा मशीन खणात, कपाटात, चष्म्याच्या जुन्या घरात सापडली. एक देवाच्या फोटोमागे होतं, हरवू नये म्हणून.

उरलेली बारा घरं बंद. तीनदा बेल, ‘घर बंद’, पुढे. पायांचे तुकडे पडले होते, त्यात साहेबांचा राग, नवऱ्याचा राग. बाराव्या घरासाठी दोन जिने चढताना वरून कुठूनतरी बातम्या ऐकू येत होत्या, इतक्या मोठ्याने की खालच्या मजल्यावरही अक्षर न् अक्षर कळावं. त्यांनी बेल वाजवली. एकदा, दोनदा, तीनदा. पुठ्ठा टेकवून ‘घर’ लिहिलं. ‘बंद’ लिहायला गेल्या आणि पेन तिथेच राहिलं. बातम्या याच दारामागे चालू होत्या. आत माणूस होता आणि त्याला बेल ऐकू येत नव्हती. त्यासाठीच तर त्या आल्या होत्या.

त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. तीन बेलांचा नियम साहेबांचा नव्हता. तो त्यांच्या घरोघरीच्या पद्धतीतला, त्यांच्या अभिमानातला. फोनला नावं ठेवत त्या ज्या दारापर्यंत आल्या होत्या, ते दार त्यांची पद्धतही तितक्याच सहज वगळून पुढे जात होती. असे किती ‘घर बंद’ आपण आजवर लिहिले असतील, याचा विचार मनात आला आणि त्यांना स्वतःचीच इतकी चीड आली की त्यांनी दारावर दोन्ही हातांनी धपाधप बडवलं. समोरच्या घरातली बाई बाहेर आली आणि म्हणाली, त्याचा काही उपयोग नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कचेरीतले जुने पुठ्ठे कापले. जाड पेनाने, बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं : कानाच्या मशीनबद्दल तुम्हालाच विचारायचं आहे. उद्या येते. दार उघडं ठेवा. बेल वाजवणार नाही. खाली वेळ, प्रत्येक घराची वेगळी. बारा पुठ्ठे बारा दारांखालून आत सरकवले. फोनवरची मुलगी विचारत होती की हे टपाल म्हणायचं की घरोघरी? फॉर्मबाईंना तिच्यावर ओरडायचंही त्राण नव्हतं. त्या म्हणाल्या, तू कात्री दे.

चौथ्या दिवशी बारापैकी नऊ दारं उघडी होती.

बातम्यांच्या घरी अकराची वेळ दिली होती. तिथे उघड्या दारात खुर्ची टाकून एक गृहस्थ सकाळी आठपासून बसले होते. छापखान्यात चाळीस वर्षं मशीन चालवलेलं, कान तिथेच गेले. मुलगी दिवसभर कामावर, फोनवरची उत्तरं तिचीच. हातात फॉर्मबाईंचा पुठ्ठा. त्यांनी आधी त्यावर अभिप्राय दिला की अक्षर बरं आहे, ओळ खाली उतरते. मग प्रश्नांचा कागद स्वतःच मागून घेतला आणि एकेका प्रश्नाचं उत्तर जिना हादरेल अशा आवाजात दिलं. मशीन लावतात का? लावायचे. कंपनीचा माणूस येऊन गेला की आठ दिवस झकास चालतं, मग घसरतं, मग काढून ठेवावं लागतं, तो पुन्हा येईपर्यंत. शेवटच्या प्रश्नावर ते थांबले. कंपनीच्या माणसाने घरी येण्याची गरज वाटते का, असा तो प्रश्न होता.

“बंद करणार आहेत का त्याला?”

पाहणी कशासाठी आहे हे सांगायचं नाही, असा नियम. फॉर्मबाई पेनाचं टोपण लावू-काढू लागल्या.

“सांगू नका,” ते म्हणाले. “मी जन्मभर नोटिसा छापल्यात. आधी प्रश्न येतो, मग नोटीस.” त्यांनी कागद परत दिला. “लिहा. गरज आहे. तो येतो त्या दिवशी मुलीशी बोलतो मी. ती बोलते, मी ऐकतो. एरवी ती कागदावर लिहिते, आणि लिहिताना माणूस थोडंच लिहितं.”

फॉर्मबाईंनी ते सगळं उतरवून घेतलं. रकान्यात मावलं नाही, मागच्या बाजूला लिहिलं.

शनिवारी साहेबांपुढे त्यांनी सत्तावीस फॉर्म ठेवले. सत्तावीस कानांपैकी एकोणीस मशीनविना. जे आठजण लावत होते ते सगळे कंपनीच्या माणसाची वाट बघणारे. तीन घरी गाठ पडली नव्हती. तिथे ‘घर बंद’ असं न लिहिता ‘भेट झाली नाही’ एवढंच लिहिलं होतं. साहेबांनी सगळं चाळलं, मग पुन्हा चाळलं, आणि घड्याळ बघितलं.

“म्हणजे तीनशे अकरा उत्तरं खोटी? सत्तावीस घरांवरून?”

“खोटी कशी म्हणू? खरीच आहेत, पण सुनांची नि मुलांची. कंपनीने विचारायला सांगितलं होतं कुणाला?”

साहेबांनी फोनच्या पाहणीचा अहवाल समोर सरकवला, शेवटचं पान उघडलं, ओळीवर बोट ठेवलं. फॉर्मबाईंनी पेन काढलं. ‘वरील माहिती’ हे शब्द खोडले, त्यावर ‘सोबतच्या सत्तावीस घरांची माहिती’ असं बारीक, सरळ ओळीत लिहिलं आणि खाली सही केली.

त्यावर साहेब जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पान फुकट गेलं, कंपनी गेली, त्यांची अब्रू गेली, असा एकूण सूर. शेवटी ते फोनवरच्या मुलीकडे वळले आणि म्हणाले, तू कर सही. ती बिचारी तीन महिन्यांपूर्वी लागलेली. पण जागची उठून म्हणाली, “साहेब, फोन मीच केलेत. तपासलं म्हणून मीच कशी सही करू?” आणि खाली बसली. दुसरीने तर डोकंच वर केलं नाही.

मग साहेबांनी कंपनीला फोन लावला. फॉर्मबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सोमवारपासून यायचं की नाही हे त्या फोनवर ठरणार, एवढं त्यांना समजत होतं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना दुसऱ्याचं उत्तर लिहून घ्यायची इच्छा नव्हती. साहेब पलीकडच्याला सांगत होते की उत्तरं घरच्यांनी दिलीत, हो, घरच्यांनी, नाही, आमची बाई स्वतः गेली होती, पुठ्ठे टाकून, हो, पुठ्ठे. मग बराच वेळ ते नुसतं हं हं करत राहिले.

फोन ठेवल्यावर त्यांनी दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं. कंपनी म्हणत होती की उरलेली घरंही अशीच करा, आधी पुठ्ठा, मग भेट. तोवर माणूस पाठवणं चालू ठेवतो.

“झालं समाधान?” साहेब म्हणाले. “दोनशे चौऱ्याऐंशी घरं. माणसं तीन. आणि पुठ्ठे कोण लिहिणार एवढे, मी?”

“लिहा की,” फॉर्मबाई म्हणाल्या, आणि कात्री शोधायला लागल्या.

संध्याकाळपर्यंत चौघंही पुठ्ठे लिहीत बसली. साहेबांनी लिहिलेले पहिले दहा फॉर्मबाईंनी परत केले. अक्षर बारीक होतं.